कोरडेमामांची बोटं

आमच्या धक्क्यावर 'कोरडी' हा शब्द उच्चारायचा अधिकार एकाच माणसाला होता आणि तो माणूस माझा सख्खा मामा होता. बोटीच्या पोटात पाणी साचलेलं नाही, आणि पुढे आलंच तर ते बाहेर फेकणारा पंप धड चालतोय, एवढं सगळं त्या एका शब्दात यायचं. मामांनी बोटीतून ओरडायचं, "कोरडी!" मी तिकिटाच्या खिडकीत बसून वहीत तो शब्द लिहायचा आणि घंटा द्यायची. घंटा ऐकली की खलाशी दोर सोडायचा. मामांची तिथे एकवीस वर्षं झाली होती, माझी अकरा. त्यांचं खरं आडनाव धक्क्यावर कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना कोरडेमामाच म्हणायचे.

दिसायला बुटके, खांद्यात भक्कम, पँट कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि डाव्या खांद्यावर एक जुनं फडकं. बोलणं असं नाहीच. मामी म्हणायची, "जगाचे पंप दुरुस्त करतात, एक जरा यांच्या तोंडाला पण बसवा कोणीतरी." मामा त्यावर हसायचे. तेसुद्धा आवाज न करता.

पण पंपाचा विषय निघाला की गडी सुटायचा. बाकीचे मेकॅनिक बटण दाबतात, घुर्रर्र ऐकतात आणि 'चालू आहे' म्हणून निघून जातात, याचा त्यांना मनापासून संताप होता. "आवाज काय, आवाज रेडिओ पण करतो," ते म्हणायचे. "पाणी कुठंय ते दाखव." त्यांची पद्धत वेगळी. नळावरून चार बादल्या पाणी भरायचं आणि बोटीच्या पुढच्या बाजूने आत ओतायचं. पाणी तळाच्या खड्ड्यात जमलं की तिथला तरंगता गोळा वर उचलला जातो आणि पंप आपला आपण सुरू होतो. मग मामा धक्क्यावर येऊन बोटीच्या कुशीतल्या भोकातून धार पडतेय का बघायचे. धार अंगठ्याएवढी जाड हवी, आणि अठ्ठावीस आकडे मोजेपर्यंत पाणी संपायला हवं. तीस झाले तर ते पंप उचकटायचे. तोंडाशी बसवलेली जाळी काढून त्यातले दोरे, केस, रंगाचे पापुद्रे वेचायचे. एकदा त्यातून तान्ह्या पोराचा मोजा निघाला होता. तो त्यांनी धुऊन, वाळवून माझ्या खिडकीत अडकवून ठेवला, कोणी मागायला आलं तर असावा म्हणून. कोणी आलं नाही.

हे सगळं झालं की शेवटची तपासणी. तिला यंत्र नव्हतं, हात होता.

बोटीच्या मागच्या टोकाला इंजिनाचा दांडा तळातून बाहेर, पाण्यातल्या पंख्याकडे जातो. दांडा फिरता, त्यामुळे तिथे भोक पक्कं बंद करता येत नाही. ग्रीस लावलेली जाड दोरी त्याच्याभोवती ठासून भरतात. तिथून थेंब थेंब पाणी यायचंच, त्यात वावगं काही नाही. ते थेंब एका आडव्या फळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या भोकातून पुढे पंपाच्या खड्ड्यात येतात. ते भोक घाणीने बुजलं तर मात्र पाणी फळीच्या मागेच साचत राहतं. पुढचा खड्डा कोरडा ठणठणीत, पंप गप्प, आणि सगळ्यांना वाटतं, वा, काय बोट आहे! तिथे डोळा पोचत नाही, बॅटरीचा उजेडही नाही, कारण मध्ये इंजिनाचं धूड. पालथं पडून, दांड्याच्या खालून, खांद्यापर्यंत हात घालायचा आणि तळ चाचपायचा, एवढाच मार्ग. त्याआधी मामा खांद्यावरच्या फडक्याने हात पुसायचे, बोटांच्या बेचक्यांसकट, खसाखसा. "आधी हात कोरडा, मग बोट," ते म्हणायचे. आणि त्यांचा एक ठरलेला विनोद होता, आयुष्यातला बहुधा एकमेव: "बोट तपासायला बोटंच लागतात."

हा हट्ट उगाच नव्हता. विशीत असताना ते एका मासेमारीच्या बोटीवर होते. पंप रात्रभर घुरघुरत होता आणि मामा त्या आवाजावर निश्चिंत झोपले होते. पंपाचा पाइप आतल्या आत निसटलेला होता. तेच पाणी तळातून उचलून पुन्हा तळात पडत होतं. सकाळी बोट धक्क्याला बांधलेल्या जागीच तळाला बसली. कोणी मेलं नाही, पण मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "तू हात घालून बघितलंस का?" हा प्रश्न मामांनी मला किती वेळा सांगितला असेल याची गणती नाही.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती आमच्या धक्क्यावरची बोट चालवायची. खाडीच्या या काठावरून त्या काठाला, दिवसाला सहा फेऱ्या. तिने सुकाणू हातात घ्यायचं ठरवलं तेव्हा मामीने दोन दिवस चूल थंड ठेवली होती. "बापाने बोटीपायी जन्म काढला, आता पोरीलाही पाण्यात ढकला," असं तिचं चाललं होतं. तेव्हा मामा एकच वाक्य बोलले, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "ती ज्या बोटीवर असेल, त्या बोटीत मी स्वतः हात घातल्याशिवाय ती सुटणार नाही." मामीने डोळे पुसले आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यानंतर सात वर्षं मामांनी एक सुट्टी घेतली नाही. तापात फणफणलेले असतानाही येऊन हात घालून जायचे.

हे सगळं असं सुरळीत चालू असताना बिघाड कुठे सुरू झाला, ते आता मला अगदी रांगेने सांगता येतं. तेव्हा एकही गोष्ट दुसरीला जोडता आली नाही.

पहिली गोष्ट कपड्यांची. संध्याकाळी मामा घरी परतले की गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढून घड्या करणं हे त्यांचं काम. एके दिवशी मामी कपाट उघडते तर आत कुबट वास. सदरे, चादरी, सगळं दमट, आणि तेही नीट चौकोनी घड्या घालून ठेवलेलं. "अहो, हे काय? ओले कपडे कपाटात?" मामा म्हणाले, "मला तर वाळलेले लागले." आठवड्याभराने पुन्हा तेच झालं. आम्ही हसून हसून बेजार झालो. मी तर म्हटलं, "कोरडेमामांना ओलं-कोरडं कळेना, आता आडनाव बदलून घ्या." सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दुसरी गोष्ट जेवताना झाली. ताई म्हणाली, "बाबा, बोट हल्ली मागे बसते. वळवताना जड लागते."

"माणसं मागे बसतात," मामा म्हणाले. "पुढे ऊन लागतं ना."

"रिकामी असताना पण, बाबा. काल शेवटच्या फेरीला चार माणसं होती."

मामांचा घास तोंडाशी थांबला. मग ते म्हणाले, "माझ्या हाताला कोरडी लागतेय." त्या घरात या वाक्यापुढे कोणी जात नसे. ताईने वाटी पुढे केली, मामीने आमटी वाढली. मला मात्र जेवण संपेपर्यंत वाटत राहिलं की कुठेतरी पाणी मुरतंय. मी मनाशी म्हटलं, दोघांचं काही बिनसलं असेल. शब्दांचा सरळ अर्थ घ्यायची बुद्धी मला झाली नाही.

तिसरी गोष्ट फक्त मी पाहिली. माझ्या खिडकीतून बोटीचा मागचा भाग दिसतो. मामा आता फडक्याने हात पुसत नव्हते. जाळी धुतलेला ओलाच हात तसाच आत घालायचे आणि तसाच ओला बाहेर काढायचे. फडकं कधी खांद्यावर, कधी तिथेच इंजिनाजवळ पडलेलं. मला वाटलं, वय झालं, कंटाळा येत असेल.

आणि चौथी गोष्ट माझी. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

अकरा वर्षांत मामांनी 'ओली' म्हटलं ते फक्त तीनदा. बाकी रोज, सहाही फेऱ्यांना, 'कोरडी'. त्यामुळे मी काय करायचे, सकाळी कुलूप उघडलं की आधी वही काढून सहाच्या सहा रकाने भरून टाकायचे. कोरडी, कोरडी, कोरडी. पुढे मामांची हाक आली की नुसती घंटा द्यायची. अक्षर छान यायचं, गडबड व्हायची नाही. यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. शाळांना सुट्टी लागलेली, त्यामुळे दहाच्या फेरीला झुंबड. एकसष्ट तिकिटं मी स्वतः फाडली. पिशव्या, सायकली, एक शिलाई मशीन, एक कोंबड्यांची पाटी. धक्क्याचे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून घड्याळ बघत होते. ते घड्याळ बघायला लागले की माझ्या मानेवर त्यांचा श्वास यायचा, आणि मला त्या माणसाचा मनस्वी राग यायचा.

मामा बोटीत पालथे पडलेले दिसत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला. उठले, पुन्हा पडले, पुन्हा हात घातला. मग बाहेर येऊन सरळ माझ्या खिडकीशी आले. उजवा हात छातीशी धरलेला, त्यातून सदऱ्यावर पाणी झिरपत होतं.

"ताईला जरा थांबवतेस?" ते हळूच म्हणाले. "परत एकदा बघतो म्हणतो."

"का? ओली आहे?"

"ओली असं नाही..."

"मग कोरडी?"

"कोरडी असं पण..."

मागून साहेब म्हणाले, "काय चाललंय? दहा वाजून सहा मिनिटं." रांगेतली एक बाई खिडकीवर नाणं वाजवत होती. मी वही फिरवून मामांच्या समोर धरली आणि रकान्यावर बोट ठेवलं. "हे बघा, लिहून झालंय. आता ही बोट कायद्याने कोरडी!"

मामा हसले. मी त्यांची लाडकी भाची होते, माझ्या विनोदांना ते नेहमीच हसायचे. मी घंटा दिली. खलाशाने दोर सोडला आणि ताईने वरच्या काचेतून आम्हा दोघांना हात केला.

पंधरा मिनिटांनी चहा आला. स्टीलच्या पेल्यातला, उकळता. मी रुमालाने काठ धरून फुंकर मारत होते. मामा स्टुलावर बसले, त्यांनी पेला अख्ख्या मुठीत घेतला आणि तसेच बसून राहिले. खाडीकडे बघत. मी माझा पेला खाली ठेवला.

"मामा, चटका बसत नाही?"

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग घाईने तो दुसऱ्या हातात घेतला आणि "हां, हां, गरम आहे" म्हणाले. उजवा तळवा लालभडक झाला होता.

कपाटातला तो कुबट वास नाकात आला. तिकिटं मोजताना बोट ओलं करायला माझ्या टेबलावर एका वाटीत पाण्याचा स्पंज असतो. मी तो उचलला. दुसऱ्या हातात टेबल पुसायचं कोरडं फडकं घेतलं. "मामा, तिकडे तोंड करा." त्यांनी लहान मुलासारखं ऐकलं. मी त्यांच्या तळव्यावर आधी फडकं ठेवलं, मग ते काढून स्पंज ठेवला आणि दाबला.

"यातलं कोरडं कुठलं?"

मामांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "हे आत्ताचं."

पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत चाललं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बोटं गेली त्याला वर्ष झालं," ते म्हणाले. "मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. पण तळवा शाबूत होता गं. मला वाटलं होतं, तळवा शाबूत आहे." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात पुसायचं मी मुद्दाम सोडलं. पुसून आत घातला असता, तर बाहेर येताना ओला दिसला असता."

मी वॉकीटॉकी उचलला. "ताई, खलाशाला मागची पायाखालची फळी उचकटून बघायला सांग."

खरखर झाली. मग ताईचा आवाज, एकदम शांत. ती घाबरली की शांत होते. "उचकटली आहे. मागे गुडघाभर पाणी आहे. आडव्या फळीवरून पुढे यायला लागलंय. पंप केव्हाचा चालू आहे."

मामांनी माझ्या हातातून वॉकीटॉकी हिसकावला. "धार पडतेय का बघ! आवाज ऐकू नकोस, बाहेर धार बघ!"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "नाही पडत, बाबा."

मामांनी डोळे मिटले. माझ्याही ध्यानात आलं. कित्येक महिने फळीमागे साचलेला गाळ, दोरे, तेलाचा चिखल, सगळं एकदम पंपावर येऊन पडलं होतं. मामा रोज त्या पंपाला नळाचं स्वच्छ पाणी पाजत होते आणि अठ्ठावीस मोजत होते. "जाळी साफ कर," ते म्हणाले. खलाशाने केली. मिनिटभर धार पडली आणि जाळी पुन्हा तुंबली. पुन्हा केली, पुन्हा तुंबली. तिच्या आवाजामागे बायका-मुलांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला होता. कोणीतरी बादली मागत होतं.

"मी वाळूच्या पट्ट्याकडे वळवलीय," ताई म्हणाली. खाडीच्या मध्यावर एक उथळ पट्टा आहे, तिथे कमरेएवढं पाणी असतं. "दहा मिनिटं लागतील. पण बाबा, दांड्याजवळची दोरी उसवलीय. पाणी तिथून नळासारखं येतंय. दहा मिनिटं ही तरणार नाही."

"इंजिन बंद कर, तिथे कापड कोंब."

"बंद केलं तर ओहोटी आपल्याला समुद्राकडे नेईल. आणि पाण्यात बुडालेलं हे इंजिन पुन्हा सुरू व्हायचं नाही."

ते खरं होतं. मामांना ते तिच्या आधी कळलं असणार. साहेब दारात येऊन उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"खलाशाचा हात जात नाहीये," ताई म्हणाली. "त्याला सुकाणू दिलंय. मी जाते. तुमचं फडकं इथेच पडलंय, बाबा."

दांडा फिरत असताना तिथे हात घालायचा नाही, हे मामांनीच तिला शिकवलं होतं. बोटीत एकसष्ट उतारू होते, खलाशी आणि ताई धरून त्रेसष्ट माणसं.

"बाबा, सांगा ना."

तेव्हा त्यांनी सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. "डाव्या कुशीवर पड. दांडा तुझ्या मनगटाच्या वर राहू दे. तळाला धरून जा, तळ सोडू नकोस. फडकं हाताला गुंडाळू नकोस, नुसती मूठ कर. टोक लोंबू देऊ नकोस." बोलताना त्यांचा उजवा हात माझ्या टेबलावरून, तिकिटांच्या चळतीखालून हळूहळू पुढे सरकत होता. एकवीस वर्षांचा रस्ता त्याला पाठ होता. "आता कोपर वाकव. लागलं?"

"लागलं."

"ढकल. बोटांनी नको, तळव्याने."

"कमी झालं!" ती ओरडली. "बाबा, पाणी कमी—"

आणि आवाज तुटला.

खरखर, माणसांचा गलका, मग खलाशाचा आवाज, रडवेला आणि फाटलेला. त्याने जे म्हटलं ते आम्हा तिघांनाही एकच ऐकू आलं: "बोट गेली! बोट गेली हो!"

साहेब मटकन खाली बसले. मी टेबल धरलं. मामा उभेच होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला जन्मात विसरता येणार नाही असा चेहरा दिसला. त्यात दुःख नव्हतं अजून. ते कान देऊन ऐकत होते, पंपाचा आवाज ऐकायचे तसे.

मग वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. "टेकली... वाळूला टेकली. सगळे उतरतायत. ताईची बोटं गेली, मामा. फडकं दांड्याने ओढलं. बोटं गेली."

किती वेळाने ते मला कळत नाही, पण मी 'देवा' म्हटलं आणि मला जे वाटलं ते आनंदासारखं काहीतरी होतं. बोट नाही, बोटं. नुसती बोटं. हे मी कबूल करते, कारण इथे निदान एवढं तरी खरं लिहावं.

सगळी माणसं वाचली. कमरेएवढ्या पाण्यात, पोरं खांद्यावर घेऊन, पाऊण तास उभी होती. कोंबड्यासुद्धा वाचल्या. ताईच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

चौकशी आमच्या ऑफिसातच झाली. दोन अधिकारी, साहेब, टेबलावर माझी वही. त्यांनी मामांना विचारलं, "दहाच्या फेरीला तुम्ही 'कोरडी' म्हणालात का?" मी खिडकीपाशी उभी होते. साहेब जमिनीकडे बघत होते. मामा एकदाही माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणालो. मी म्हटल्यावर मुलीने लिहिलं. माझ्या हाताला कोरडी लागली." त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरांचा कागद जोडलेला होताच. मामांचं काम गेलं, माझी खिडकी राहिली. नवा मेकॅनिक बटण दाबतो, घुर्रर्र ऐकतो आणि वहीवर सही करतो. मी आता रकाने आधी भरत नाही. त्याचा आता उपयोग नाही, पण भरत नाही.

परवा दुपारी मामीकडे गेले होते. ताई गॅलरीत कपडे काढत होती. डाव्या हाताने एकेक कपडा चाचपायची, उजव्या अंगठ्याने चिमटा ढकलून काढायची आणि मामांच्या हातातल्या टोपलीत टाकायची. बापलेक दिवस दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, असं मामीने मला आतच सांगितलं होतं. मामा आत टोपली ठेवायला वळले तेव्हा ताईने मला हळूच विचारलं.

"एक विचारू? त्या दिवशी बाबा खरंच 'कोरडी' म्हणाले होते?"

"का गं?"

"मी वर काचेशी होते. मला त्यांची हाक ऐकूच आली नाही. नुसती घंटा ऐकली." ती चिमट्याशी खेळत होती. "मला वाटत राहतं की त्यांना कळलं असणार. निदान शंका तरी आली असणार. ते असे मला पाठवणार नाहीत. तू तिथे होतीस. तू सांग."

मामा दाराच्या आत थांबले होते. टोपली हातात, पाठ आमच्याकडे. त्यांची मान किंचित हलली. नको, अशी.

एक शब्द पुरला असता. तिला तिचा बाप परत मिळाला असता. माझी खिडकी गेली असती, आणि त्या घराचं दार माझ्यासाठी कायमचं बंद झालं असतं. मी दोरीवरचा सदरा बघत राहिले.

"हो," मी म्हटलं. "म्हणाले होते."

ताईने मान हलवली. मग तिने शेवटचा सदरा न चाचपताच ओढून काढला आणि बापाच्या टोपलीत टाकला. मामांनी तो तिथेच बसून, नीट चौकोनी घडी घालून, कपाटात ठेवला. तो ओला होता, आणि आम्हा दोघींतल्या कुणीही त्यांना तसं सांगितलं नाही.